पाली वाचताना छाया बाजूला ठेवा

पाली शिकणाऱ्या मराठी विद्यार्थ्याची वही उघडली की बहुतेक वेळा दोन रकाने दिसतात. डावीकडे पाली शब्द, उजवीकडे त्याची संस्कृत छाया, म्हणजे त्याच शब्दाचं संस्कृत रूप. धम्म – धर्म, मग्ग – मार्ग, भिक्खु – भिक्षु. उजवा रकाना भरला की ओळ लागली असं समजायचं आणि त्या संस्कृतावरून मराठी अर्थ लिहायचा. पहिला महिनाभर ही पद्धत उपयोगी आहे, कारण ध्वनी कसे बदलतात हे त्यातून हाताला कळतं. पुढे मात्र हीच सवय वाचन बिघडवते. बी.ए.पासून एम.ए.पर्यंत कोणी ती मोडली नाही, तर पाच वर्षांनीही विद्यार्थी पाली वाचत नसतो, मनात तयार केलेलं संस्कृत वाचत असतो.

अडचण साधी आहे. संस्कृतातले अनेक शब्द पालीत येताना एकाच रूपात मिळतात. 'सत्त' हा सप्त, सत्त्व, सक्त, शप्त यांपैकी कोणीही असू शकतो. 'सुत्त' हे सूत्रही असेल आणि सुप्तही. 'दीप' म्हणजे दिवा आणि द्वीपसुद्धा. महाराष्ट्रात 'अत्त दीप भव' हे शब्द भिंतीवर, पत्रिकेवर, कमानीवर सगळीकडे दिसतात. महापरिनिब्बानसुत्तातलं वाक्य मात्र 'अत्तदीपा विहरथ अत्तसरणा अनञ्ञसरणा' असं आहे. बहुवचनी आज्ञा आहे आणि लगेच पुढे 'सरण' आहे. अट्ठकथा, म्हणजे सुत्तांवरची जुनी पाली टीका, इथला दीप महासमुद्रातलं बेट म्हणून समजावते, संस्कृत परंपरेतल्या महापरिनिर्वाणसूत्रातही 'आत्मद्वीप' येतं. छायेच्या रकान्यात पहिला सुचलेला 'दीप' लिहिला की हा सगळा विचार तिथेच संपतो.

मग वाचायचं कसं? त्यासाठी एक सुत्त घेऊन बसू. कालामसुत्त, म्हणजे बुद्धांनी कालाम नावाच्या लोकांना केलेला उपदेश, सगळ्यांनी ऐकलेलं असतं आणि फार थोड्यांनी मुळातून वाचलेलं असतं. पाली टेक्स्ट सोसायटीच्या प्रतीत ते अंगुत्तरनिकाय या सुत्तसंग्रहाच्या पहिल्या खंडात १८८ ते १९३ या पानांवर आहे. लांबी बेताची, गद्य सरळ, आणि नवख्याला चकवणाऱ्या बहुतेक जागा त्यात आहेत.

आधी प्रत. देवनागरीत दोन पर्याय सहज मिळतात. एक नालंदा प्रत, भिक्खू जगदीश काश्यप यांच्या संपादनाखाली १९५६पासून निघालेली, ४१ खंडांची. दुसरी इगतपुरीच्या विपश्यना विशोधन विन्यासाची. तिला आधार रंगूनला १९५४ ते १९५६ या काळात झालेल्या सहाव्या संगायनातल्या (ग्रंथपाठ पडताळणाऱ्या भिक्खूंच्या सभेतल्या) पाठाचा, आणि ती संगणकावर फुकट वाचता येते. पाली टेक्स्ट सोसायटीची प्रत रोमन लिपीत आहे, पण जगभरचे संदर्भ तिच्याच खंड-पानांनी दिले जातात, त्यामुळे ती जवळ असावीच. पाठ देवनागरीत वाचा, संदर्भ सोसायटीच्या पानाने द्या.

क्रमांकांवर विसंबून राहू नका. हेच सुत्त इंग्रजी भाषांतरांत तिकनिपातातलं (तीन-तीन बाबींच्या सुत्तांच्या विभागातलं) ६५वं असतं, इगतपुरीच्या प्रतीत ६६वं. तिथे त्याचं नाव 'केसमुत्तिसुत्त' आहे आणि गावाचं नाव केसमुत्त. इतर प्रतींत गाव केसपुत्त आहे. क्रमांक हलण्याचं मुख्य कारण 'पेय्याल'. पुन्हा येणारा मजकूर न छापता '…पे…' एवढंच लिहितात, आणि त्या 'पे'मध्ये दडलेली सुत्तं प्रत्येक संपादक वेगळी मोजतो. परंपरेने संयुत्तनिकायात ७,७६२ आणि अंगुत्तरात ९,५५७ सुत्तं सांगितली आहेत. छापील संयुत्तात मोजणी तीन हजारांच्या आतच राहते. मजकूर हरवलेला नाही, मोजण्याची रीत वेगळी आहे. प्रबंधात नुसता सुत्त-क्रमांक देणाऱ्याला परीक्षक हमखास पान विचारतो, ते यामुळेच.

इगतपुरीच्या प्रतीत तळटीपांमध्ये 'सी.', 'स्या.', 'कं.', 'पी.' अशी अक्षरं असतात. सिंहली, स्यामी, कंबोडी आणि पाली टेक्स्ट सोसायटी या प्रतींतले हे पाठभेद. सुरुवातीला त्या टीपा सोडून दिल्या तरी चालतं, पण एखादा शब्द काही केल्या लागत नसेल तर कोश उघडण्याआधी तळटीप बघा. पुष्कळदा दुसऱ्या प्रतीत त्याच शब्दाचं सोपं रूप असतं, किंवा शब्द वेगळ्या ठिकाणी तोडलेला असतो.

ध्वनिबदलांचे नियम डझनभरच आहेत आणि तेवढे पाठ हवेत. ऋ जाऊन अ, इ किंवा उ येतो: कत, इसि, उतु. ऐ-औचे ए-ओ होतात. श-ष-स यांचा एकच स. शब्दाच्या शेवटी व्यंजन राहत नाही, विसर्ग नाही. जोडाक्षरातली व्यंजनं एकमेकांत मिळतात, आणि दुहेरी व्यंजनाआधीचा दीर्घ स्वर ऱ्हस्व होतो, म्हणून मार्ग – मग्ग, रात्रि – रत्ति. त्यचा च्च, ध्यचा ज्झ, ज्ञचा ञ्ञ, क्षचा क्ख किंवा च्छ.

यातला बराच भाग मराठी माणसाच्या कानाला ओळखीचा असतो, आणि ही आपली खरी सोय आहे. हत्थ, सत्त, अट्ठ, अज्ज, सप्प, दुद्ध, भत्त यांतलं दुहेरी व्यंजन एकेरी करून आधीचा स्वर लांबवला की हात, सात, आठ, आज, साप, दूध, भात. षोडशचं पालीत सोळस होतं. तो ळ मराठीने सोळ्यात सांभाळला आहे. सर्वनामं तर जवळजवळ घरचीच: तुम्हे, अम्हे. पण मराठी थेट पालीतून आलेली नाही. तिची वाट महाराष्ट्री प्राकृतातून येते, आणि महाराष्ट्रीत दोन स्वरांमधली व्यंजनं गळतात. पालीत ती टिकतात. पाली 'पाद', महाराष्ट्री 'पाअ', मराठी 'पाय'. तेव्हा मराठीवरून अंदाज बांधा, पण पडताळल्याशिवाय पुढे जाऊ नका.

आता मोठ्याने वाचा. मराठीत आपण शब्दाच्या शेवटचा अ खातो. 'सुत्त' आपण 'सुत्त्' म्हणतो, 'समण' आपण 'समण्' म्हणतो. पालीत प्रत्येक अ पूर्ण उच्चारायचा, दुहेरी व्यंजनावर थांबायचं, अनुस्वार ऐकू आला पाहिजे. हा केवळ शुद्धीचा आग्रह नाही. समण, समणो, समणं, समणा ही चार वेगळी रूपं आहेत. कानाला ती सारखी वाटू लागली की विभक्ती डोळ्यालाही दिसेनाशी होते. दीड तासाच्या तासिकेत पहिली पंधरा मिनिटं नुसत्या वाचनाला दिली तरी वेळ वाया जात नाही.

पहिलं वाक्य: 'एकं समयं भगवा कोसलेसु चारिकं चरमानो महता भिक्खुसङ्घेन सद्धिं येन केसमुत्तं नाम कालामानं निगमो तदवसरि.'

वाक्य वहीत लिहा, खाली तीन ओळी मोकळ्या सोडा. सगळ्यात आधी मुख्य क्रियापद शोधा. पालीत ते बहुधा शेवटी असतं, मराठीसारखंच. इथे 'अवसरि', म्हणजे जाऊन पोचले. हे अज्जतनी रूप. पालीतला नेहमीचा भूतकाळ हाच. संस्कृत शिकून आलेला विद्यार्थी लङ् आणि लिट् हे संस्कृतातले भूतकाळ शोधत राहतो. पालीत लिटाची मोजकीच रूपं उरली आहेत, द्विवचन जवळजवळ गेलेलं आहे आणि चतुर्थीचं बरंचसं काम षष्ठी करते. अज्जतनीची तीसेक नेहमीची रूपं पहिल्याच सत्रात पाठ करून घेतली तर पुढचं निम्मं ओझं उतरतं: अहोसि, अवोच, अदासि, निसीदि, उपसङ्कमि.

मग जोड्या लावा. 'येन … निगमो' आणि 'तद्'. जिथे … तिथे. ही रचना इंग्रजीतून पाली शिकणाऱ्याला वेगळी समजवावी लागते, आपल्याला ती बोलण्यातली आहे. 'चारिकं चरमानो' म्हणजे खेळ खेळावा, चाल चालावी तसं. 'कोसलेसु' हे अनेकवचन, कारण लोकांच्या नावावरूनच प्रदेशाचं नाव. 'एकं समयं' द्वितीयेत आहे. संस्कृत सूत्रांची सुरुवात 'एकस्मिन् समये' अशी सप्तमीत होते. छाया करणारा इथे नकळत सप्तमी लिहून मोकळा होतो आणि पालीने इथे द्वितीया का वापरली, हा प्रश्नच त्याला पडत नाही. अट्ठकथाकारांना तो पडला होता; त्यांनी त्याची चर्चा केली आहे.

पुढे कालाम भगवंतांकडे येतात. हा साचेबंद मजकूर पिटकात शेकडो ठिकाणी येतो म्हणून विद्यार्थी तो सोडून देतात. इथे सोडू नका. 'अप्पेकच्चे' म्हणजे काही जण. काही जण वंदन करून बाजूला बसले, काही जण कुशल विचारून बसले, काहींनी नुसते हात जोडले, काहींनी आपलं नाव-गोत्र सांगितलं आणि काही गुपचूप बसले. पाच प्रकार. हे सगळे उपासक नाहीत. कोणी आदराने आले आहेत, कोणी उत्सुकतेने, कोणी अजून अंदाज घेताहेत. पुढचा उपदेश कोणाला केला आहे, हे या साच्यातूनच कळतं, आणि उपदेशाचा अर्थ श्रोत्यावर अवलंबून आहे.

कालाम म्हणतात की इथे श्रमण-ब्राह्मण येतात, आपलं मत उजळून मांडतात, दुसऱ्याचं तुडवतात. यांच्यात खरं कोण बोलतं आणि खोटं कोण, अशी आम्हांला शंका येते. उत्तर येतं: 'अलञ्हि वो, कालामा, कङ्खितुं अलं विचिकिच्छितुं.'

संस्कृत आणि मराठी डोक्यात असणारा इथे पहिल्यांदा जोरात आपटतो. अलं म्हणजे पुरे. म्हणजे 'कालामांनो, शंका पुरे झाल्या'. अर्थ नेमका उलटा झाला. पालीत 'अलं'पुढे '-तुं' अंताचं रूप आलं की अर्थ 'योग्य आहे, समर्थ आहे' असा होतो. 'अलं कातुं अलं संविधातुं', म्हणजे करायला आणि व्यवस्था लावायला समर्थ, हा निकायांमध्ये वारंवार येणारा प्रयोग आहे. संस्कृतातही 'अलम्'चा असा प्रयोग आहे, पण 'अलं विवादेन'ची सवय इतकी घट्ट असते की तो आठवत नाही. पुढचंच वाक्य शंका फेडतं: 'कङ्खनीयेव पन वो ठाने विचिकिच्छा उप्पन्ना', शंका घेण्याजोग्या जागीच तुम्हांला शंका आली आहे. तुमचा अर्थ पुढच्या वाक्याला धडकत असेल तर चूक तुमच्या अर्थात आहे. ग्रंथाला दोष देण्याआधी मागे जा.

म्हणूनच, शब्द अडला की आधी कोश नको. संगणकावरच्या पिटकात तो शब्दप्रयोग शोधा, आठ-दहा ठिकाणची वाक्यं वाचा आणि मग कोश उघडा. कोशाचीही एक खोच आहे. संस्कृत कोशात आपण धातू शोधतो. पाली कोशात क्रियापद वर्तमानकाळी तृतीय पुरुषी एकवचनाखाली असतं. 'जानेय्याथ' बघायचं तर ज्ञा नाही, 'जानाति'. लेखनाचे भेदही असतात: सङ्खार, संखार. एकाखाली नाही मिळालं तर दुसरीकडे बघा. ऱ्हीस डेव्हिड्स आणि स्टेड यांचा १९२१ ते १९२५मधला कोश अजून हाताशी लागतो, पण त्यातल्या व्युत्पत्ती जुन्या झाल्या आहेत. मार्गारेट कोन यांचा कोश त्याच्यापेक्षा कितीतरी काटेकोर आहे. त्याचे २००१, २०१० आणि २०२० साली आलेले तीन भाग 'भ'पर्यंत पोचतात. पुढच्या अक्षरांसाठी जुन्याकडेच जावं लागतं.

आता ती प्रसिद्ध यादी. 'एथ तुम्हे, कालामा, मा अनुस्सवेन, मा परम्पराय, मा इतिकिराय, मा पिटकसम्पदानेन, मा तक्कहेतु, मा नयहेतु, मा आकारपरिवितक्केन, मा दिट्ठिनिज्झानक्खन्तिया, मा भब्बरूपताय, मा समणो नो गरूति.'

दहा वेळा 'मा' आणि त्यांच्यासोबत क्रियापद एकही नाही. भाषांतरकार इथे 'विश्वास ठेवू नका' घालतो, आणि ते शब्द मुळातलेच आहेत असं पुढे सगळ्यांना वाटत राहतं. अशा वेळी अट्ठकथेकडे जायचं. अंगुत्तराची अट्ठकथा मनोरथपूरणी, बुद्धघोषांची, पाचव्या शतकातली. तिची पद्धत अशी: मूळ शब्द, त्याला 'ति', मग स्पष्टीकरण. 'मा अनुस्सवेनाति अनुस्सवकथायपि मा गण्हित्थ.' म्हणजे ऐकीव गोष्टीवरूनही धरू नका. गाळलेलं क्रियापद 'गण्हित्थ'. 'मा'पुढे अज्जतनी आली की निषेधाची आज्ञा होते, हे व्याकरणही त्याच ओळीत शिकून होतं. 'विश्वास ठेवू नका' आणि 'एवढ्यावरून धरून बसू नका' यांत अंतर आहे. दुसऱ्या अर्थात परंपरा खोटी ठरत नाही, ती एकटी पुरेशी ठरत नाही.

यादीतला पाचवा आणि सहावा शब्द नीट बघा. तक्कहेतु, नयहेतु. नुसत्या तर्कावरून नको, नुसत्या अनुमानाच्या रीतीवरून नको. हे सुत्त आपल्याकडे सांगितलं जातं ते 'स्वतःच्या बुद्धीला पटेल तेच माना' अशा सारांशाने, आणि त्या सारांशात हे दोन शब्द बसत नाहीत, म्हणून गळतात. आठवा शब्दही तसाच. दिट्ठि, निज्झान, खन्ति अशी त्याची फोड. खन्तीची छाया क्षान्ति केली की मराठी मन क्षमेकडे जातं आणि समास अडतो. इथे खन्ति म्हणजे विचाराअंती एखादं मत रुचणं, मनाला मानवणं. आपण आधीच विचार करून धरलेल्या मताशी हे जुळतं, एवढ्यावरूनही धरू नका, असं अट्ठकथा सांगते. आपल्याला पटतं हेदेखील पुरेसं कारण नाही! सुत्तातली ही सगळ्यात कठीण आणि सगळ्यात मोलाची जागा आहे, असं माझं मत आहे.

'भब्बरूपताय' इथे अट्ठकथा बोलणाऱ्याकडे बोट दाखवते: हा भिक्खू लायक दिसतो, याचं म्हणणं घ्यावं, असं नको. शेवटचं 'समणो नो गरूति': गरु आणि ति मिळून गरूति, आणि 'नो' इथे नकार नाही, 'आमचा' आहे. हा श्रमण आमचा गुरू आहे म्हणून नको. 'नो' नकारार्थीही येतो, त्यामुळे संदर्भ न बघता वाचलं की इथे 'श्रमण गुरू नाही' असं भलतंच काही हाती लागतं.

अट्ठकथेबद्दल एक सावधगिरी. बुद्धघोष जुनी सिंहली सामग्री वापरतात, पण ते स्वतः सुत्तांपासून कित्येक शतकं दूर आहेत. थेरवाद परंपरेने हे वाक्य कसं समजून घेतलं, याचा अट्ठकथा हा भक्कम पुरावा आहे. पहिल्या श्रोत्यांनी ते कसं समजलं असेल, याचा पुरावा म्हणून ती तितक्याच वजनाने वापरता येत नाही. विद्यार्थी बहुधा दोन टोकांना जातात. एक तर अट्ठकथा उघडतच नाहीत, नाहीतर तिचा अर्थ मूळ सुत्ताच्या तोंडी घालतात. वहीत दोन्हींचे रकाने वेगळे ठेवले की ही गल्लत होत नाही. दोन रकान्यांची सवय मोडायची नसेलच, तर छायेच्या जागी अट्ठकथा लिहा.

यादी संपल्यावर सुत्त संपत नाही, आणि उद्धृतं मात्र इथेच संपतात. पुढे आहे: 'यदा तुम्हे, कालामा, अत्तनाव जानेय्याथ', जेव्हा तुमचं तुम्हांलाच कळेल की हे धम्म, म्हणजे या गोष्टी, अकुशल आहेत, सदोष आहेत, 'विञ्ञुगरहिता' आहेत, म्हणजे जाणत्यांनी निंदलेले आहेत, आणि पूर्णपणे अंगीकारले तर अहिताला, दुःखाला नेतात, तेव्हा ते सोडा. स्वतःला कळणं आणि जाणत्यांचा निर्वाळा, दोन्ही एकाच वाक्यात आहेत. 'समत्ता समादिन्ना' (पूर्णपणे अंगीकारले) इथे पुन्हा कोशात एकाच रूपाखाली अनेक शब्द भेटतात. अट्ठकथा 'परिपुण्णा' असा अर्थ देऊन वाद मिटवते.

लगेच प्रश्नोत्तरं सुरू होतात. माणसाच्या मनात उपजणारा लोभ हिताचा की अहिताचा? मग तोच प्रश्न 'दोस'बद्दल, मग मोहाबद्दल. इथला दोस म्हणजे द्वेष. पालीत द्वेष आणि दोष दोघांचंही रूप दोसच. लोभ आणि मोह यांच्या मध्ये तो आला की द्वेषच घ्यायचा. पुढे 'अदोस' येतो तेव्हा मराठी वाचक बेधडक 'निर्दोष' लिहितो, आणि अख्खा परिच्छेद नैतिक शुद्धतेवरचं प्रवचन होऊन बसतो. तिथे विषय मैत्रीचा आहे. म्हणून तर पुढच्या भागात मेत्ता, करुणा, मुदिता आणि उपेक्खेने दिशा व्यापणारं चित्त येतं. शेवटी चार आश्वासनं आहेत: परलोक असेल तरी चांगलं, नसेल तरी याच जन्मी सुखाने राहता येतं, अशा धाटणीची. या सगळ्यासकट दहा नकार वाचले की त्यांचं वजन कळतं.

आता ज्याला संशोधन करायचं आहे त्याच्यासाठी. या सुत्ताला चिनी समांतर पाठ आहे: मध्यमागमातलं १६वं सूत्र. मध्यमागम ६० गुंडाळ्यांचा, २२२ सूत्रांचा, गौतम संघदेवांनी ३९७–३९८ साली चिनीत आणलेला. त्यात दहा नकारांची यादी नाही. तिथे बुद्ध कालामांना शंका घेऊ नका असं सांगतात, तुम्हांला याविषयी शुद्ध ज्ञान नाही असं म्हणतात आणि मग लोभ, द्वेष, मोह या कर्माच्या तीन कारणांकडे वळतात. पालीत 'शंका घेणं योग्यच', चिनीत 'शंका नको'. 'अलं'वर आपण थांबलो होतो ती जागा आठवून हा फरक वाचा. हा प्रश्न नुसत्या पालीवर सुटत नाही आणि नुसत्या चिनीवरही सुटत नाही. दोन्ही वाचणारा माणूस लागतो.

अशी माणसं महाराष्ट्रात होऊन गेली आहेत, हे अभ्यासक्रम ठरवताना विसरू नये. गोव्यातल्या साखवाळचे धर्मानंद कोसंबी श्रीलंकेत आणि ब्रह्मदेशात जाऊन पाली शिकले, १९१२ ते १९१८ या काळात त्यांनी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात ती शिकवली, आणि हार्वर्डमध्ये बुद्धघोषांच्या विसुद्धिमग्ग या ग्रंथाच्या संपादनावर काम केलं. त्यांचे विद्यार्थी पु. वि. बापट पालीपाशी थांबले नाहीत; ते चिनी आणि तिबेटीकडे गेले. विमुत्तिमग्ग हा ग्रंथ पूर्ण स्वरूपात चिनी भाषांतरातच उरला आहे. १९३७ साली बापटांनी विमुत्तिमग्ग आणि विसुद्धिमग्ग यांचा तौलनिक अभ्यास प्रसिद्ध केला. चिमणराव लिहिणारे चिं. वि. जोशी बडोद्याला पाली शिकवत होते. डॉ. आंबेडकरांनी पालीचं व्याकरण आणि कोश यांवर केलेलं काम त्यांच्या समग्र वाङ्मयाच्या १६व्या खंडात छापलं आहे.

आज नागपूर, मुंबई, पुणे, छत्रपती संभाजीनगर इथल्या विद्यापीठांत पालीचे विभाग आहेत, आणि ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीबरोबरच पालीलाही अभिजात दर्जा मिळाला. त्यातून पैसा आला तर तो कुठे घालावा, याबद्दल माझं मत ठाम आहे. एम.ए.च्या चार सत्रांपैकी निदान दोन सत्रं चिनी किंवा तिबेटी, यांपैकी एक भाषा शिकवावी. आणि प्रत्येक सत्रात एक तरी प्रश्नपत्रिका न शिकवलेल्या उताऱ्याची असावी, कोश सोबत घेऊन सोडवायची. नेमलेल्या सुत्ताचं मराठी भाषांतर पाठ करून उत्तीर्ण होता येतं तोवर वाचन शिकण्याची गरजच पडत नाही.

स्वतः अभ्यास करणाऱ्यासाठी वेग सांगतो. एका बैठकीत सात-आठ ओळी पुष्कळ झाल्या. भाषांतर आधी वाचू नका. आपलं मराठी लिहून झाल्यावर उघडा, आणि जिथे फरक दिसेल तिथे कोण बरोबर ते विभक्तीवरून ठरवा, नावावरून नव्हे. कालामसुत्त संपलं की लगेच पुढचं साळ्हसुत्त घ्या. तिथे नन्दक नावाचे भिक्खू हेच दहा नकार सांगतात, त्यामुळे कोशाशिवाय किती पुढे जाता येतं ते कळेल. मग चतुक्कनिपातातलं भद्दियसुत्त, सोसायटीच्या प्रतीत दुसऱ्या खंडात. दहा नकार तिथेही आहेत, पण लोभ, दोस, मोह यांच्यापुढे चौथा शब्द येतो, 'सारम्भ'. त्याची छाया संस्कृतात करायला जाल तर 'आरंभ' डोळ्यांसमोर येईल. तसं न करता पिटकात तो शब्द कुठे कुठे आला आहे ते शोधा, ती वाक्यं लिहून काढा, मग त्या जागेची अट्ठकथा वाचा आणि शेवटी अर्थ लिहा.